मिळालेली मतं आणि दिलेली मतं : इम्तियाज जलील यांच्या दहा वर्षांचा हिशोब

वहीवाला (छत्रपती संभाजीनगर)

आमचे वडील मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. निवडणुकीचा निकाल लागायचा त्या दिवशी ते दुकानावर जायचे नाहीत. आधी रेडिओपुढं, नंतर टीव्हीपुढं मांडी घालून बसायचे आणि लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत मतं उतरवून घ्यायचे. डावीकडं उमेदवार, मग मतं, उजव्या कडेला 'फरक'. खाडाखोड कुठंच नाही. ते गेल्यावर ती वही माझ्याकडं आली.

२०१९ च्या लोकसभेचं पान त्यांनी थरथरत्या हातानं लिहिलंय. जलील ३,८९,०४२. खैरे ३,८४,५५०. फरक ४,४९२. खाली 'जाधव २,८३,७९८ ट्रॅक्टर!!' अख्ख्या वहीत उद्गारचिन्हं तेवढी दोनच.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना ते पान पुन्हा पुढं आलं आणि एक गोष्ट डोक्यात बसली. या वहीत माणसाला मतं किती मिळाली ते शेवटच्या आकड्यापर्यंत आहे, पण निवडून गेल्यावर त्यानं स्वतः मत कुठं दिलं याचा रकानाच नाही. म्हणून मी पट्टी घेऊन एक रेघ मारली आणि वर लिहिलं, 'दिलेली मतं'. हा धागा त्या रकान्यासाठी आहे.

सुरुवात जलीलांपासून, कारण हा माणूस विधानसभा आणि लोकसभा अशा दोन्ही सभागृहांत बसलेला आहे. दहा वर्षांत दोनदा जिंकला, दोनदा हरला, आणि त्याचं एक मत देशानं बोटावर मोजलं. आधीच सांगून टाकतो, मी त्यांना एकदाही मत दिलेलं नाही. तरी हिशोब तो हिशोब.

आधी मिळालेली मतं.

२०१४, विधानसभा, औरंगाबाद मध्य. पत्रकारिता सोडून हे गृहस्थ ऐन वेळी एमआयएममध्ये आले आणि उभे राहिले. सेना-भाजपची युती त्याच सप्टेंबरात तुटलेली. जलील ६१,८४३, सेनेचे प्रदीप जैस्वाल ४१,८६१, भाजपचे किशनचंद तनवाणी ४०,७७०. खालच्या दोघांची बेरीज करून बघा. बेरजेला निवडणुकीत किंमत नसते हे खरं, पण मुनिमाचं पोरगं बेरीज केल्याशिवाय राहत नाही.

२०१९, लोकसभा. आकडे वर दिलेतच. सेनेचे चंद्रकांत खैरे चार वेळचे खासदार, २०१४ ला १ लाख ६२ हजारांनी निवडून आलेले. मध्ये आले कन्नडचे हर्षवर्धन जाधव, अपक्ष, चिन्ह ट्रॅक्टर. जलीलांच्या मागं एमआयएम आणि प्रकाश आंबेडकरांची वंचित अशी जोडी. वंचितनं राज्यभर उमेदवार दिले होते, त्यातून निवडून आलेला खासदार हा एकच.

२०२४, लोकसभा. संदिपान भुमरे ४,७६,१३०, जलील ३,४१,४८०, खैरे २,९३,४५०. फरक १,३४,६५०. गंमत म्हणजे भुमरे पैठणचे आणि पैठण विधानसभा जालना लोकसभेत येते. म्हणजे ज्या मतदारांनी त्यांना आमदार केलं, त्यांना या निवडणुकीत त्यांच्यापुढचं बटण दाबताच आलं नसतं.

२०२४, नोव्हेंबर, विधानसभा, औरंगाबाद पूर्व. अतुल सावे ९३,२७४, जलील ९१,११३. फरक २,१६१. सावेंचे वडील मोरेश्वर सावे १९८९ आणि १९९१ ला इथले खासदार, आणि जलीलांनी पहिल्यांदा हरवलेले जैस्वाल १९९६ चे. या गावात फिरून फिरून भोपळे चौकात तशी तीच घराणी भेटतात.

(शहराचं नाव बदललं तरी मतदारसंघाचं नाव आयोगाच्या कागदावर औरंगाबादच आहे. म्हणून ते तसं लिहिलंय, त्यावरून भांडू नका.)

आता दिलेली मतं. इथं माझी दमछाक झाली.

लोकसभेत बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं निघतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे ओरडतात, विरोधातले ओरडतात, अध्यक्ष म्हणतात 'होय'चं बहुमत, झालं. कुणाचंच नाव कुठं उमटत नाही. एखाद्यानं उठून मतविभागणी मागितली की मग लॉबी रिकामी करायची, साडेतीन मिनिटं घंटा, दारं बंद, आणि बटणं: हिरवं हो, लाल नाही, पिवळं तटस्थ. मगच नावासकट यादी छापली जाते. त्यातही खाली बारीक अक्षरात, अमुक सदस्यांनी चिठ्ठीनं मत नोंदवलं किंवा दुरुस्त केलं. चुकीचं बटण दाबणारे खासदार असतात, हे त्या बारीक अक्षरानं मला शिकवलं.

पाच वर्षांतल्या दोन ठळक नोंदी देतो. १५ जुलै २०१९, एनआयए कायद्यात दुरुस्ती, २७८ विरुद्ध ६. त्या सहांत जलील. खासदार होऊन दोन महिने झाले नव्हते. आणि २० सप्टेंबर २०२३, महिला आरक्षण, ४५४ विरुद्ध २. त्या दोघांत एक ओवैसी, दुसरे आपले खासदार. नवीन संसद भवनात जाऊन दुसराच दिवस, त्यामुळं बटणांऐवजी चिठ्ठ्यांवर मतं घेतली. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश लागतं, म्हणून तिथं नुसत्या आवाजावर भागत नाही. मोजावंच लागतं. नोंद राहिली ती त्यामुळं.

विधानसभेतली २०१४ ते २०१९ ही पाच वर्षं मात्र रकान्यात कशी भरू? उदाहरण एकच देतो. २९ नोव्हेंबर २०१८, मराठा आरक्षणाचं विधेयक, चर्चेविना, एकमतानं. 'एकमतानं' म्हणजे २८८ जणांच्या नावापुढं 'हो' लिहू का? उपाहारगृहात चहा पीत बसलेल्याच्या नावापुढंही?

जाणकारांनी भर घालावी.

---

गुलमंडीकर

वडिलांच्या वहीला नमस्कार. धागा चांगला आहे, पण खैरेंवर अन्याय केलात. एका ओळीत 'चार वेळचे खासदार' म्हणून पुढं सरकलात. १९९९ ला या माणसानं बॅरिस्टर अंतुल्यांना पाडलं होतं, माजी मुख्यमंत्र्यांना. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. गुलालानं सगळी गुलमंडी लाल, पायातली चप्पल ओळखू येत नव्हती.

आणि तिसरा माणूस २०१९ लाच आला असं नाही. २००९ ला शांतिगिरी महाराज उभे होते, दीड लाखाच्या आसपास मतं घेतली. खैरे तरी ३३ हजारांनी निघाले. तेव्हा तिसऱ्याचा फटका दोघांनाही बसला, २०१९ ला सगळा एकाच बाजूला बसला. २०१९ जलीलांनी जिंकलं नाही, आम्ही हरलो. एवढं वहीत लिहा.

---

रोशन_गेट

गुलमंडीकर भाई, सलाम. हे 'आम्ही हरलो' दर वेळी ऐकतो. मग २०१४ ला जैस्वाल-तनवाणी भांडले म्हणून, २०१९ ला जाधव आले म्हणून. आमच्या माणसाला कुणी मत दिलंच नाही की काय? ३ लाख ८९ हजार चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटमधून आपोआप पडल्या का?

बेरीज करायची तर सगळ्यांची करा. वंचितची जी मतं २०१९ ला सोबत होती ती २०२४ ला वेगळी उभी राहिली. जलीलांची ४७ हजार मतं कमी झाली. आणि पूर्वमध्ये २,१६१ नं हरले तेव्हा समोर सावे एकटे होते का? गफ्फार कादरी साहेब, जे २०१४ आणि २०१९ ला तिथूनच एमआयएमकडून लढले, ते या वेळी समाजवादीच्या सायकलवर उभे. मतविभाजनाचा आजार फक्त एका मोहल्ल्याला होत नाही.

आणखी एक. १९८० ला इथून काझी सलीम, आमच्या समाजाचे, निवडून गेले होते. त्यानंतर २०१९ पर्यंत मध्ये ३९ वर्षं. आमच्या अब्बांना ते वर्ष पाठ होतं, जसा तुमच्या वडिलांना फरक पाठ असायचा.

---

कन्नडचा_संज्या

ट्रॅक्टरबद्दल आमच्या बाजूनं सांगतो. जाधवांनी मराठा आरक्षणासाठी आमदारकीचा राजीनामा दिला होता, तो लोकांच्या डोक्यात बसला होता. वरून रावसाहेब दानव्यांचे जावई, म्हणजे सासरा जालन्यात भाजपकडून अन् जावई इकडं युतीच्या उमेदवारासमोर. पारावर दुसरा विषयच नव्हता. आमचे चुलते पक्के सेनेचे. मतदान करून आले अन् ओसरीवर गप बसले. चुलतीनं इचारलं, काय झालं? तर म्हणे, 'हात ट्रॅक्टरवरच गेला.' निकालादिवशी जेवले नाहीत.

सभागृहात कोण काय बोललं, कुठं बटण दाबलं, गावात कोणी इचारत नाही भाऊ. लाइट किती तास, कापसाला भाव काय, बस्स.

---

मास्तरीण_बाई (अंबड)

संज्याभाऊ, विचारत नाही म्हणूनच तर चालतं.

मी निवृत्त शिक्षिका, त्यानंतर पाच वर्षं सरपंच. ग्रामपंचायतीत आम्हाला २०११ पासून निम्म्या जागा आहेत. पहिल्या वर्षी 'सरपंचपती' म्हणून आमच्या यांनाच खुर्ची द्यायचे. ग्रामसेवक रजिस्टर त्यांच्याकडं सरकवायचा. एके दिवशी मी रजिस्टर ओढून घेतलं आणि ठरावाखाली सूचक कोण, अनुमोदक कोण, ते माझ्या अक्षरात लिहिलं. तेव्हापासून ते रजिस्टर माझ्याच पुढ्यात. तर ४५४ विरुद्ध २ बद्दल मला बोलायचंय.

त्या दिवशी राग आला होता. दोनच जण विरोधात आणि त्यातला एक आपला मराठवाड्याचा! मग त्यांचं म्हणणं वाचलं. मुस्लिम आणि ओबीसी बायकांना त्यात वेगळा कोटा नाही, म्हणून विरोध. मुद्दा खोटा नाही. ओबीसी कोट्याची मागणी काँग्रेसनं केली, समाजवादीवाल्यांनी केली, पण त्यांनी शेवटी 'हो'च म्हटलं. अर्धी भाकर मिळत असताना ताट का लाथाडायचं, हा माझा प्रश्न.

पण त्या ४५४ चं कौतुकही फार करू नका. जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण, असं कायद्यातच लिहिलंय. २०२४ ला एकाही खासदाराची खुर्ची हलली नाही. स्वतःच्या खिशातलं काही जाणार नसेल तर 'हो' म्हणायला काय लागतं? आमच्या ग्रामसभेत रस्त्याच्या ठरावाला सगळे हात वर व्हायचे. रस्ता ज्याच्या बांधावरून जाणार तो एकटा हात खाली ठेवायचा. वाईट वाटायचं, पण खरा विचार त्यानंच केलेला असायचा.

---

रोशन_गेट

बाई, तुमच्याशी अर्धा सहमत. माझ्या बहिणीनं त्या मतावरून घरात मला धारेवर धरलं होतं. ती म्हणाली, कोटा नाही म्हणून विरोध ठीक, मग पक्षानं आजवर किती बायकांना तिकीट दिलं ते सांग. मला उत्तर देता आलं नाही, खोटं कशाला बोलू.

व्हिपचं, म्हणजे मत कुठं द्यायचं या पक्षाच्या हुकमाचं, मात्र आमच्याकडं सोपं होतं. पक्षाचे खासदार दोन. एक पक्षाध्यक्ष, दुसरे आपले. कुणी कुणाला व्हिप काढायचा :)

---

कयाधूकाठ (हिंगोली)

व्हिपचं निघालंच हाय तर आमच्या कळमनुरीचं लिहा की वहीत. ४६ आमदार मराठवाड्याचे, पन संतोष बांगरांसारखा रकाना कोनाचाच भरनार नाही.

जून २०२२. शिंदे गुवाहाटीला. आमचे आमदार हिंगोलीत लोकांसमोर रडले, बंडवाल्यांनो परत या म्हनून. ३ जुलैला अध्यक्षाची निवड, शिंदे-भाजपचे नार्वेकर १६४, ठाकरेंचे राजन साळवी १०७. बांगर साळवींकडं. ४ जुलैला विश्वासदर्शक ठराव, १६४ विरुद्ध ९९. बांगर शिंद्यांकडं! एका रातीत. इकडं लोकायला कळेना, कालचे फटाके लावावं का आजचे.

आन हे कळलं कसं? तर आवाजी नव्हतं म्हनून. एकेकानं जागेवर उभं ऱ्हाऊन आकडा म्हनायचा, शिरगनती. टीव्हीवर लाइव्ह. आवाजी असतं तर भाऊ दोन्हीकडं होते म्हनून सांगता आलं असतं.

---

गोदाकाठचा_पाहुणा (नांदेड)

त्याच ४ जुलैला १०७ चे ९९ का झाले तेही लिहा. काँग्रेसचे काही आमदार उशिरा पोचले आणि तोवर सभागृहाची दारं बंद. त्यात आमचे अशोकराव चव्हाण, लातूरचे धीरज देशमुख. मुख्यमंत्री राहिलेला माणूस, सभागृहाची घंटा कधी होते ते माहीत नसेल? दीड वर्षानं, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अशोकराव भाजपात गेले. तेव्हा इथल्या चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, 'ते दार तेव्हाच बंद झालं होतं, आपल्याला आवाज आत्ता आला.' मी काही म्हणत नाही. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकू शकते.

पण वहीवाले दादा, तुमच्या रकान्यात गैरहजेरीचं काय करणार? 'हो', 'नाही', 'तटस्थ' यापेक्षा मोठा हिशोब तिथंच असतो.

---

मांजराकाठ (लातूर)

लातूरचा विषय काढलाच तर विलासरावांचं सांगावंच लागंल. १९९५ ला आमच्याकडं जनता दलाच्या शिवाजीराव कव्हेकरांनी त्यांना पाडलं. राज्यभर नाव असलेला माणूस घरात पडला. मग ते विधान परिषदेला उभे ऱ्हायले आन अर्ध्या मतानं पडले.

पोरं इचारतात, काका, अर्धं मत कसं असतंय? त्या निवडणुकीत मतदार आमदार. एकापेक्षा जास्त जागा असल्या की एका मतपत्रिकेची किंमत १०० धरतात. आमदार पसंतीक्रम लिहितो, १, २, ३. पहिल्या पसंतीत कोटा भरून उमेदवाराकडं जास्तीची मतं उरली, तर ती शंभरातल्या हिश्शानं पुढच्या पसंतीला सरकतात. कुनाच्या पत्रिकेची किंमत पुढं जाताना चाळीस, कुनाची दहा. ५० कमी पडले की झालं अर्धं मत. सोन्याच्या तागडीवर मोजल्यासारखं असतंय.

आन हेच विलासराव १९९९ ला नव्वद हजारांच्या वर फरकानं निवडून आले आन थेट मुख्यमंत्री झाले. आमचे एक नातेवाईक अजून म्हनतात, ते अर्धं मत पडलं असतं तर साहेब परिषदेतच रमले असते. आता त्यांनी रमायचं का नाही ते आपन कोन सांगनार, पन लातूरात हे पटवून द्यायला बसले की दोन चहा होतात.

---

गुलमंडीकर

पाहुणे, दाराचा आवाज भारी. :D

मला एक जाणवलं. निवडणुकीत होतं ते मतविभाजन आणि सभागृहात होते ती मतविभागणी. पहिल्याच्या नावानं आम्ही पाच वर्षं रडलो. दुसरी कुणी मागावी असं मात्र आम्हाला कधी वाटलं नाही. खैरे वीस वर्षं दिल्लीत होते. त्यांनी कशावर काय बटण दाबलं हे मला, त्यांच्या बूथवर पाच निवडणुका बसलेल्या माणसाला, एकही सांगता येत नाही. पाण्याचं विचारा, शिवजयंतीचं विचारा, कोणाच्या घरी तेराव्याला आले ते विचारा, सगळं तोंडपाठ.

---

संपादक

शहराच्या नावावरून आलेले सहा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी जुना धागा आहे, ४०० प्रतिसादांचा. तिकडं जा.

---

कन्नडचा_संज्या

मास्तरीण बाईंचा बांधाचा मुद्दा पटला. चुलत्याला वाचून दाखवला. म्हणे, 'त्या दोघांपैकी आपला खासदार कोण होता, लाल चिठ्ठीवाला का?' म्हटलं हो. म्हणे, 'मग त्याला विचारायला पाहिजे होतं की, वैजापुरात सभेला आला होता तेव्हा.' चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी लाइट सोडून दुसरं काही विचारायचं काढलं.

---

वहीवाला

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून रकाना भरला, तो असा.

जलीलांच्या दिल्लीच्या पानावर दोन नोंदी शाईनं, तारीख आणि आकड्यासकट. महिला आरक्षणापुढं बाईंचं आणि रोशनभाईंच्या बहिणीचं, दोन्ही म्हणणी एकेक ओळीत. वडिलांनी कधी शेरा लिहिला नव्हता, पण ट्रॅक्टरपुढं दोन उद्गारचिन्हं दिलीच होती, तेव्हा मलाही तेवढी सूट. शोधताना एक खाचखळगा लक्षात ठेवा: लोकसभेच्या कागदात त्यांचं नाव 'इम्तियाज जलील सय्यद' असं आहे. मी पहिले दोन तास नुसतं जलील, जलील करत बसलो होतो.

पाहुण्यांच्या प्रश्नावर: गैरहजेरीसाठी वेगळं चिन्ह ठरवलं, मोकळा चौकोन. हजेरीपटावर सही असून मत नसलं तरी चौकोनच. ४ जुलै २०२२ चं पान नांदेड-लातूरकडं वळलं की चौकोनच चौकोन दिसतात. बांगरांना शेजारीशेजारी दोन नोंदी दिल्या, ३ आणि ४. जागा पुरली.

मुंबईच्या पाच वर्षांपुढं पेन्सिलनं 'आवाजी' लिहिलंय. विधिमंडळाच्या कामकाजाचे छापील खंड असतात. त्यात भाषणं, लक्षवेधी, तारांकित प्रश्न सापडतात, कोण काय बोललं ते सगळं. त्यामुळं जलील तिथं काय बोलले ते उतरवून घेता येईल. मत मात्र जिथं शिरगणती झाली तेवढंच. मराठा आरक्षणाचं एकमत २०१८ ला झालं तसंच २० फेब्रुवारी २०२४ लाही झालं, १० टक्क्यांचं. दोन्ही पानांवर पेन्सिल.

गुलमंडीकर, खैरेंचं पान पुढच्या रविवारी घेतो. १९९९ पासून सुरू करू. अंतुल्यांचा फरक वडिलांनी लिहिलेला आहे, पण त्या ओळीवर चहा सांडलाय. तुमच्याकडं त्या वेळचं कात्रण असेल तर फोटो टाका.

---

गुलमंडीकर

माळ्यावर आहे, ट्रंकेत. काढतो. आमच्या हिला सांगू नका कशासाठी काढतोय ते.